श्री नसलेलं कार्ड

परवा टेंभुर्णीहून एसटीनं हुरड्याची पिशवी आली. कंडक्टरनं ती स्टँडवरच्या पानपट्टीवाल्याकडे ठेवली, पानपट्टीवाल्यानं मला फोन केला, रिक्षावाल्यानं घरी आणून दिली. इतक्या हातांतून फिरूनही कणसं ताजी होती. आमच्या सोलापूरची थंडी काही मिरवण्यासारखी नसते. इथल्या माणसाला स्वेटर लागतो तो कपाटात ठेवायला. पण पौषातल्या सकाळी एखादा तास असा येतो, की उन्हात खुर्ची ओढावीशी वाटते आणि कोवळ्या ज्वारीच्या वासानं जीव कासावीस होतो. हुरडा गॅसवर भाजू नये हे मलाही कळतं. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईनं फ्लॅटच्या गॅलरीत आगटी पेटवली तर सोसायटीवाले बंबच बोलावतील. म्हणून गॅसवरच एक कणीस धरलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

एका संग्रहालयातला तरुण मुलगा बोलत होता. साहित्यिकांची हस्तलिखित पत्रं ते गोळा करतात. माझ्याकडे डबाभर आहेत, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"मॅडम, सगळीच पत्रं आम्हाला हवी आहेत. पण खरं सांगू का, आमचा जीव त्या एका पत्रात अडकलाय. ते कुणाला उत्तरच द्यायचे नाहीत हो. तुमच्याकडचं पत्र त्यांच्याच हातचं आहे ना? खाली सही आहे?"

"गुरुवारी या, बघू," मी म्हणाले. हातातलं कणीस तोवर एका बाजूनं करपलं होतं.

'ते' म्हणजे कोण, हे मी इथं लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक नावच वाचतात, पुढचं वाचत नाहीत. एवढंच सांगते, की फार मोठे कादंबरीकार होते. कोकणातल्या एका गावात राहायचे. सभेला जात नसत, हार घालून घेत नसत आणि आलेल्या पत्रांना उत्तरं देत नसत. अशा माणसाच्या मागे लागायला एक विशिष्ट प्रकारचा हट्टी स्वभाव लागतो. तो माझ्याकडे जन्मापासून होता.

करपलेल्या दाण्यांच्या वासाबरोबर एकाहत्तर साल सरून बहात्तर लागलं तेव्हाचा हिवाळा समोर आला. तेव्हा आम्ही भवानी पेठेत राहायचो. दोन खोल्या, पुढे पायरी, शेजारी विणकरांची घरं. भिंतीपलीकडे दिवसभर माग खटखटायचा आणि त्या खटखटीवर चढ्या आवाजात तेलुगू बोलणं चालायचं. घड्याळाची गरज नव्हती, कारण गिरणीचा भोंगा होता. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं आणि कात्री. तिची बोटं आपोआप चालत, आणि तोंडाला सुपारी लागे. तिची ती चंची, खणाखणांची कापडी पिशवी, सदानकदा कमरेला खोचलेली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ वसंता, सैन्यात होता. लढाई सुरू झाली तेव्हा तो सरहद्दीवर होता. लढाई संपली, रेडिओवर विजयाची गाणी लागली, पेठेत पेढे वाटले गेले. दादाचं पत्र मात्र आलं नाही.

आणि मी? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि साहित्यिकांची पत्रं जमवत होते.

आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. माझी एक युक्ती होती, जोडकार्ड. टपालात तेव्हा दोन कार्डं एकमेकांना जोडलेली मिळत. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं पाठवायचं. समोरच्या माणसानं तेवढं फाडून, चार ओळी खरडून पेटीत टाकायचं. थोर माणूस झाला तरी आयतं कार्ड हातात आल्यावर उत्तर न द्यायचा त्यालाही संकोच वाटतोच. पण आईचा एक कायदा होता. कोरं कार्ड घराबाहेर पाठवायचं नाही.

"वर श्री काढ आदी," ती सुपावरून नजर न उचलता म्हणायची.

"अगं, त्या कार्डावर ते लिहिणार आहेत, मी नाही."

"कुनीबी लिवू दे. बिनश्रीचं कार्ड मयताचं असतंय. आपल्या हातानं कशापायी धाडायचं?"

आईला अक्षर म्हणून एकच ठाऊक होतं, श्री. पोथ्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर ती ते बरोबर ओळखायची. बाकी सगळा मजकूर तिच्या लेखी मुंग्यांची रांग होता. मयताच्या पत्रावर श्री घालत नाहीत आणि असलं पत्र वाचून झालं की लगेच फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. मीही वाद घालायची नाही. उत्तराच्या कोऱ्या कार्डावर माथ्याशी माझ्या हातानं श्री काढायची, मग पत्ता लिहायची. त्यामुळे डब्यात जी बेचाळीस उत्तरं जमली होती त्यांतल्या बहुतेकांवर अक्षर साहित्यिकाचं आणि श्री माझं. काहींनी तर दुसरी श्री काढून माझ्या श्रीला दुजोरा दिला होता.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. दुपारी मी तो उघडून बसायची. एका कवीचं अक्षर इतकं फुललेलं, की चार ओळींतच कार्ड संपायचं आणि सही पत्त्यावर चढायची. एका विनोदी लेखकाचं पत्र फारच रडकं होतं, अंगदुखीबद्दल. एका थोर समीक्षकांनी मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेऊन नुसती सही ठोकली होती. ते पत्र मी शिक्षा म्हणून डब्याच्या तळाशी ठेवलं होतं. या सगळ्यांच्या वर एक जागा मी रिकामी राखली होती. कोकणातल्या त्या कादंबरीकारांना मी दहा पत्रं पाठवली होती. आमचे मराठीचे सर वर्गात सगळ्यांदेखत म्हणाले होते, "त्यांनी भल्याभल्यांना दाद दिली नाही, तुम्हाला काय देणार? नादच सोडा." झालं. त्याच दिवशी अकरावं पत्र गेलं. त्याचं उत्तर येणार, असं माझं मन खात्रीनं सांगत होतं.

असा तो हिवाळा. एका घरात दोघी बायका टपालाची वाट बघत होत्या आणि दोघींची टपालं वेगळी होती.

अकराचा भोंगा झाला की थोड्याच वेळात पोस्टमन महबूबचाचांची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसायची. घंटी वाजली की आईची कात्री थांबायची. ती उठून दाराशी जायची नाही. उतावीळपणा दिसू नये म्हणून पानावर पाणी शिंपडायचं निमित्त काढून पायरीवर यायची. मी मात्र धावायची. चाचा लांबूनच मान हलवायचे. कधी शेजारच्या दारात पत्र टाकून पुढे जायचे, तेव्हा त्या पत्राचाही राग यायचा. सायकल वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आई तिथंच उभी असायची.

"वसंताचं अक्षर मोटं हाय की न्हाई गं?" एकदा तिनं विचारलं. "लांबनं वळखू यील?"

मी हो म्हणाले. खरं तर मी चाचांच्या थैलीतून डोकावणाऱ्या पिवळट कार्डांकडे बघत होते. दादाची काळजी मला नव्हती असं नाही. ती पोटात होतीच. पण तिला बघायचं धैर्य नव्हतं, आणि लेखकाच्या पत्राची वाट बघणं त्या मानानं सोपं होतं. आज हे कळतं. तेव्हा मी स्वतःला साहित्यप्रेमी समजायची.

संक्रांतीच्या आधी तीन-चार दिवस आई बदलली. आता आठवलं की एकेक गोष्ट लख्ख दिसते. घंटी वाजली तरी तिची कात्री थांबेनाशी झाली. पायरीवर येणं बंद झालं. मला वाटलं, कंटाळली बिचारी. गावाकडचे एक चुलते सोसायटीच्या कामाला आले होते. त्यांनी फडक्यात बांधून हुरडा आणला. दादाला हुरडा म्हणजे जीव की प्राण. आईनं परातीत निखारे घेतले, कणसं भाजली, तळहातावर मळून दाणे काढले, चटणी वाढली आणि सगळं माझ्यापुढे सरकवलं.

"तू नाही घेत?"

"दात दुकत्यात. खा तू."

तळहात लालभडक झाले होते तरी ती मळतच राहिली. मी पुस्तक वाचत वाचत सगळा हुरडा फस्त केला. चविष्ट होता. तिनं एक दाणा तोंडात टाकला नाही, हे मला दिसलं आणि मी पान उलटलं.

भोगीचा दिवस उजाडला. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणत शेजारणी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापत होत्या. मी पायरीवर उभी. महबूबचाचांनी सायकल टेकवली आणि हसून विचारलं, "क्या बेटी, मिठाई नहीं खिलाई अबतक?"

"कसली मिठाई?"

"अरे, वो कोकन का कारड! बारीक अक्षर, काली शाई, तेरे नाम का. सोमवार कूच आया था. तू कालेज में थी, तो अम्मा के हात में दिया मैं."

त्या दिवशी गुरुवार होता. मी आत गेले. आई चुलीपुढे बसली होती.

"सोमवारी माझं पत्र आलं होतं?"

तिनं भाकरी उलटली. "न्हाई."

"चाचांनी तुझ्या हातात दिलंय. कुठं ठेवलंस?"

"न्हाई म्हनते न्हवं."

मी फळी शोधली, उशा उलट्या केल्या, ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आई पाठमोरी पीठ मळत राहिली. ते बघून माझं डोकं फिरलं. चुलीत घातलं असणार, मला वाटलं. पोरीनं दिवसभर कार्डांत तोंड खुपसून बसावं हे तिला कधीच आवडलं नव्हतं.

"जाळलंस ना? दोन वर्षं वाट बघितली मी त्या पत्राची! तुला काय कळणार त्याची किंमत? अडाणी ती अडाणीच!"

हा शब्द मी आईला वापरला. तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. आई हळूच वळली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी परक्या भाषेत काही बोलले.

"त्ये कार्ड तुजं हुतं?"

"मग कुणाचं असणार?"

"तुजं? तुला आल्यालं? त्या बुकं लिवनाऱ्याचं?"

"होय!"

"म्हंजी... वसंताचं न्हवं?"

आणि ती हसायला लागली. दोन्ही हात पिठानं भरलेले, ते तसेच तोंडावर घेऊन ती खाली वाकली आणि हसली. मग तेच हसणं रडणं झालं आणि पुन्हा हसणं. मला काही कळेना. ती मधेच म्हणाली, "वर श्री न्हवती गं. सगळी तुजी कार्डं श्रीची असत्यात. ह्यावर न्हवती. अक्षर बी वसंताचं न्हवं. म्हनलं, त्याच्या जोडीदारानं धाडलं असंल..."

त्या कादंबरीकारांचा देवावर विश्वास नव्हता, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत होतं. माझं जोडकार्ड न वापरता त्यांनी स्वतःचं कार्ड घेतलं होतं आणि माथ्याशी श्री न काढता लिहायला सुरुवात केली होती. मराठी वाचणाऱ्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नसतं.

"मग मला का नाही दाखवलंस? मी वाचून दाखवलं असतं."

"म्हनूनच न्हाई दावलं."

भाकरी तव्यातच राहिली. आई भिंतीला टेकून बोलत होती. लग्न होऊन ती गिरणीच्या गावात आली त्या साली तिच्या वडिलांचं मयताचं कार्ड आलं होतं. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. कार्ड तीन दिवस कोनाड्यात पडून राहिलं. त्या तीन दिवसांत ती जात्यावर दळायला बसली, गाणी म्हणाली, माहेरी जायचे बेत केले. चौथ्या दिवशी शेजारच्या मास्तरांनी ते वाचलं.

"मास्तरनं वाचलं तवा गेला माजा बा. त्याच्या आदी तीन दिस जिता हुता माज्यापुरता. म्हनलं, ह्ये वाचायचंच न्हाई. वाचलं न्हाई तर झालं न्हाई. तुला दावलं असतं तर तू वाचलं असतंस. तुला ऱ्हावतंय व्हय वाचल्याबिगर?"

चार दिवस. चार दिवस ही बाई आपला मुलगा गेला असं मानून सुपात विड्या वळत होती आणि मला कळू नये म्हणून माझ्यापुढे हुरडा मळत होती. आणि मी तिला अडाणी म्हणाले होते. मी तिच्या मांडीत डोकं घातलं.

मग तिनं कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खणात कार्डाचे तुकडे होते. रीतीप्रमाणे तिनं ते फाडलं होतं; पण टाकायला हात धजला नव्हता. कात आणि चुना लागून तुकडे डागाळले होते. मोजले तर सात. शेजारच्या विणकरबाईकडून सुताला लावायची खळ वाटीभर आणली आणि मी ते कागदावर जोडत बसले. खालचा उजवा कोपरा मिळेना. नेमका सहीचा.

"त्यो देवीफुडं हाय," आई म्हणाली. देव्हाऱ्यातला भवानीचा टाक तिनं उचलला. खाली करंगळीच्या नखाएवढा काळ्या शाईचा फराटा असलेला तुकडा होता, त्यावर हळदकुंकू. "त्या दिशी फाडलं, तवा एक तुकडा हातातच ऱ्हायला. देवीला म्हनलं, आई, म्या ह्ये वाचलं न्हाई. तूबी वाचू नगंस."

मी हात पुढे केला. तिनं टाक परत ठेवला.

"वसंता घरला येईपत्तुर न्हाई मिळायचा."

कारण दादाचं पत्र अजून आलंच नव्हतं. आईला मुलगा परत मिळाला नव्हता. फक्त वाट बघणं परत मिळालं होतं. तेवढ्यावर ती बाई इतकी खूश झाली, की दुसऱ्या दिवशी संक्रांतीला तिनं दुप्पट तिळगूळ केला आणि महबूबचाचांना बोलावून पायरीवर बसवून खाऊ घातला. सव्वाअकरा वाजता ती पुन्हा पायरीवर येऊ लागली. आता मी तिच्या शेजारी उभी राहायची, आणि फक्त मोठ्या अक्षराचं पाकीट शोधायची. त्या दिवसांत छातीत जे धडधडायचं, ते कुठल्याही थोर माणसाच्या पत्रासाठी आधी धडधडलं नव्हतं.

सात तुकड्यांचं पत्र मी भोगीच्याच दिवशी संध्याकाळच्या आत वाचलं होतं. पाच-सहा ओळीच होत्या. तुमची अकरा पत्रं पोचली, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांत माझ्या कादंबऱ्या आहेत, तुमची हुशारी आहे, पण तुमच्या घरचं एकही माणूस नाही. घरी कोण कोण असतं? ते लिहिलंत तर वाचीन. बस, एवढंच. त्या दिवशी मला ते पुन्हा वाचवेना. जणू त्यांना कोकणात बसून आमची चूल दिसत होती.

रथसप्तमीच्या आसपास दादाचं पत्र आलं. पायाला लागलं होतं, दवाखान्यात होता, काळजी वाटू नये म्हणून लिहिलं नव्हतं म्हणे. पाकीट फोडून मी वाचायला लागले तर आईनं कागद ओढून घेतला. माथ्यावरची भली मोठी श्री बोटानं चाचपली आणि कागद मला परत दिला. "आता वाच," म्हणाली.

मी बारावं पत्र लिहिलं. त्यात कादंबऱ्या नव्हत्या. आई होती, सूप होतं, फाडलेलं कार्ड होतं. उत्तर आलं नाही. पण माणूस चोख होता. 'वाचीन' म्हणाला होता, 'उत्तर देईन' असं कुठं म्हणाला होता? त्यानंतर मी कुणालाच जोडकार्ड पाठवलं नाही. छंद सुटला.

उन्हाळ्यात दादा लंगडत घरी आला. मी लगेच देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "आता त्यो देवीचा झाला." मी चिडले, रुसले, भांडले. ती ढिम्म हलली नाही. तिच्या माघारी तो देव्हारा माझ्याकडे आला. दर सणाला टाक उजळताना तो तुकडा हाताला लागतो. इतक्या वर्षांच्या हळदकुंकवानं त्याचा खडा झालाय. शाई आत कुठंतरी असेल.

गुरुवारी तो मुलगा आला. गुणी होता, हातात पांढरे मोजे घालून एकेक कार्ड डब्यातून काढत होता. खळीनं चिकटवलेलं ते कार्ड समोर ठेवलं तेव्हा तो खुर्चीतून पुढे वाकला. काताचे डाग पाहून तो हळहळला. मग नजर खालच्या कोपऱ्यावर गेली.

"मॅडम, सही? सही असती तर हे पत्र काय झालं असतं! तो तुकडा कुठं असू शकेल? कितीही खराब असला तरी आमच्याकडे साफ करणारे जाणकार आहेत. वरचं सगळं काढून टाकतात ते, खालची शाई जशीच्या तशी मिळते."

देव्हारा त्याच्या पाठीमागे, चार हातांवर होता. मी उठले. टाकाला हातही लावला. हट्टी स्वभाव म्हातारा होत नाही. त्या रिकाम्या कोपऱ्यानं मला पन्नास वर्षं छळलं आहे. वरचं सगळं काढून टाकतात, तो म्हणाला होता. वरचं सगळं.

तेवढ्यात फोन वाजला. दादा. वय झालं तरी फोनवर टेंभुर्णीहून सोलापूरला थेट हाक मारल्यासारखा बोलतो.

"शाले! हुरडा पोचला का गं? कवळा हुता की न्हाई?"

माझा हात अजून टाकावरच होता. मी तो काढून घेतला.

"पोचला की दादा," मी म्हणाले. "लई गोड हाय."

मुलगा अजून वाट बघत होता. मी त्याला म्हणाले, "लिहून टाका. सही नाही."